दहा कोटी एकला भाग जातो

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. या वेळी जरा जास्तच वाकलोय, कारण मान वर करायला तोंड राहिलेलं नाही. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत (मी सोडून).

मंगळवारी शाळेत तपासणी होती. साहेब माझ्याच वर्गात, शेवटच्या बाकावर येऊन बसले. त्यांच्यावर छाप पाडावी म्हणून मी फळ्यावर दहा कोटी एक ही संख्या लिहिली (एकावर सात शून्यं आणि पुन्हा एक) आणि ठणकावून सांगितलं, "ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाही भाग जात नाही!" आदल्या दिवशी मी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा असं करून पाहिलं होतं. तेवढ्यात तुझ्या भावजयीनं चहाला हाक मारली आणि तेरावर माझं संशोधन संपलं. तर तिसऱ्या बाकावरची ती बारकी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, उभी राहून म्हणाली, "सर, सतरानं जातो." ताई, मी तिच्या वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "साहेबांसमोर अकलेचे तारे तोडू नकोस," म्हणालो आणि तिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं. चाळीस मुलं हसली. साहेब 'उत्तम' असा शेरा मारून गेले (त्यांनीही भाग देऊन पाहिला नव्हता, हे माझं एकमेव समाधान).

वर्ग रिकामा झाल्यावर बाकावर तिची वही उघडीच दिसली. सतरानं भागलं होतं, अक्षर मोत्यासारखं, आणि खाली बाकी शून्य. मी तीनदा भागाकार केला. तिन्ही वेळा शून्य. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न गुणिले सतरा. तूच मला भागाकार शिकवलास, तेव्हा हे तुलाच सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या वर्गासमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे सर. काल साहेब होते ना, तुम्ही घाबरला असाल." यापेक्षा तिनं वही फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : जाता जाता तिनं विचारलं, "मग त्या अठ्ठावन्न लाखवाल्या संख्येला कुणाचा भाग जातो का, सर?" मी "सांगतो" म्हणालो. चोवीसशे पंचवीसपर्यंत तपासावं लागतं. मी सव्वाशेपर्यंत आलोय. पुढचं तू करशील का? पत्राचं खरं कारण हेच.

आणखी एक : खरं कारण तेही नाही. माफी मी वर्गासमोर मागितली नाही. व्हरांड्यात मागितली, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. वर्गासमोर काय बोलायचं, ते पहिलं वाक्य तू लिहून पाठव. उत्तर यायला आठवडा लागेल. तेवढाच आठवडा मिळाला, असं आत्ता मनात आलं, आणि ताई, त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.