लांबच्यांचे घास

सोमवार, ३ मार्च
लॉन्ड्रीत पाळी बदलली. आता सुटायला सात. पोरीला शाळेतून शेजारीण आणणार, स्वतःच्या मुलाबरोबर. आपण होऊन म्हणाली. ती इथेच जन्मलेली, आम्ही बाहेरून आलेलो. तिच्या घरात सगळं घड्याळावर चालतं, म्हणून मी मनात तिला घड्याळबाई म्हणते. उपकार करणाऱ्याला नावं ठेवू नयेत. ठेवते.

बुधवार, ५ मार्च
पोर जेवूनच आली! "मी माझ्या हाताने खाल्लं. चमच्याने."
मी कालवलेला भात तसाच. दात आल्यापासून मी भरवतेय तिला, एकेक घास लांबच्यांच्या नावाचा — आजीचा, मावशीचा, मामाचा. तेवढीच तिला माणसं ठाऊक. मागे एकदा विचारलं होतं तिने, "आणि तुझा घास?" म्हटलं, "माझा कशाला? मी तर इथेच आहे."
हे म्हणाले, "बरं झालं की, तुझ्या डोक्याचा ताप गेला." भात मीच खाल्ला. गिळला म्हणायचा.

गुरुवार
जळते मी. पोरीचं सारखं आपलं "तिकडे असं, तिकडे तसं".

शनिवार, ८ मार्च
घड्याळबाईला ताप. दोन्ही पोरं माझ्याकडे. पोरीला भरवायला बसले — मुद्दाम, दार उघडं टाकून. तिचा मुलगा चमचा ठेवून हळूहळू सरकत आला आणि त्याने आ केला. "हा तुझ्या आजीचा." खाल्ला. मग आत्या, काका, सगळं गणगोत संपेपर्यंत जेवला.
घड्याळबाई शाल गुंडाळून दारात उभी. तोंड एवढंसं झालेलं. मला फार बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

मंगळवार, ११ मार्च
जिन्यात गाठलं तिने. "तो आता चमच्याला हातच लावत नाही. कसं भरवतेस, दाखव ना."
तिच्या घरी बसून दाखवलं. घास बोटांच्या टोकांवर घ्यायचा, अंगठ्याने पुढे सारायचा, आधी नाव सांगायचं. निम्मा भात तिच्या मांडीवर. म्हटलं, येईल हळूहळू. मोठेपणा मिरवायला काय जातंय!

गुरुवार, १३ मार्च
इस्त्रीचं यंत्र बंद पडलं, लवकर सुटले. तिचं दार उघडंच होतं. खाली बसून भरवत होती, दोघांनाही. एक शीत सांडत नव्हतं.
मुलाला म्हणाली, "हा आजीचा." मग माझ्या पोरीकडे वळली. "आणि हा तुझ्या आईचा."
पोरीने आ केला.