थोरलीची किल्ली

अहो,

गाडीची, म्हणजे तुमच्या थोरल्या लेकीची, किल्ली टेबलावर ठेवली. तेवढ्या खणकन आवाजानेही धाकटी, चिमी, दचकली.

सकाळी तिला ताप होता, म्हणून तुम्ही नको म्हणता तरी गाडी काढली. डिझेलची गाडी एकदम झेपावली, ती सावरताना माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला. ऑटोमॅटिकला क्लच कुठला, ब्रेकच दाबला गेला. मागून टेम्पो आदळला. बंपर फुटलाय. चिमीच्या कपाळाला टेंगूळ आलंय. डॉक्टरांनी आत्ता पुन्हा बोलावलंय, दोघी चालतच निघालोय. जेवण झाकून ठेवलंय. रागवायचं ते मला रागवा, तिच्यासमोर नको.

बूट घालता घालता ती विचारतेय, "आई, बाबा आधी माझं टेंगूळ बघतील की बंपर?"