बडीशेपेचं लाल औषध

बाबा, परवा माझा सत्कार झाला आणि सगळा वेळ मला तुमचा राग येत होता. अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि माईकसमोरचे गृहस्थ सांगताहेत की ज्या काळात जालन्यात फिजिओथेरपी हा शब्द कुणाला धड म्हणता येत नव्हता, त्या काळात या बाईंनी एकटीनं दवाखाना टाकला, मॅडमना भीती म्हणजे काय हे माहीतच नाही. टाळ्या. मी मान खाली घालून नारळाची शेंडी कुरवाळत बसले. लोकांना तो विनय वाटला. विनय कसला, मला तुम्ही दिसत होतात, माझ्या दवाखान्याच्या पायरीशेजारी स्टुलावर बसलेले, मांडीवर कात्री आणि कागदाच्या पट्ट्या, आणि चेहऱ्यावर तो निवृत्त कंपाउंडरचा थंडपणा, जो बघून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता माझेच गुडघे मला जुमानत नाहीत, तरी आपलं ते भांडण काही मिटलेलं नाही. ते एकदा लिहून काढते आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला शिकून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागले होते. आपल्या भागातले पेशंट एसटीनं यायचे, मी त्यांना व्यायाम दाखवायची, आणि ते पुन्हा कधी दिसायचे नाहीत. कसे दिसतील? मंठ्याहून, भोकरदनकडून रोज कोण येणार आखडलेला खांदा घेऊन! म्हणून मी ठरवलं, नोकरी सोडायची आणि जालन्यात स्वतःचं सुरू करायचं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. घास हातातच राहिला. "पक्की नोकरी सोडून राह्यली तू? अन् करणार काय? लोकायचे हातपाय चोळणार?" मी म्हटलं, चोळणं नाही ते, शास्त्र आहे. तुम्ही म्हणालात, "शास्त्र असंल. पण हात तर लावावाच लागंल ना?" आणि पुन्हा जेवायला लागलात. बाबा, इतका राग आला मला, कारण मी स्वतः रात्रंदिवस ज्याला भीत होते तेच तुम्ही भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलून दाखवलंत.

तुमचं आयुष्य मंठ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या त्या खिडकीत गेलं. मी लहानपणी तुमचा डबा घेऊन यायची आणि बाजूला उभी राहून बघायची. माणसं रिकामी बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात, हात मागे घेतात. तुम्ही ती उचलता, लाल औषध भरता, खाचा कातरलेली पट्टी चिकटवता, एक खाच म्हणजे एक डोस, आणि बाटली परत कट्ट्यावर ठेवता. मग ती उचलतात. हातातून हातात कधीच नाही. आपण बौद्ध झालो, तुम्ही घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीला दिलेत, पण कट्टा होता तिथेच होता. आणि मी असा धंदा निवडला होता ज्यात औषध नाही, सुई नाही, काहीच नाही, फक्त माझे दोन हात. मोठ्या दवाखान्यात पांढरा कोट सरकारचा असतो, त्याला कुणी जात विचारत नाही. स्वतःच्या खोलीत विचारली तर? हात मागे घेतला तर?

खोली मिळाली नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मालक मारवाडी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आवाज फार होईल का. मी 'व्यायामोपचार केंद्र' अशी पाटी रंगवायला दिली, खाली माझं नाव. तुम्ही परस्पर जाऊन रंगाऱ्याला सांगून आलात, आडनाव लिहू नको, नुसतं 'मॅडम' लिही. मी पुन्हा गेले आणि आडनाव घालून घेतलं, तेही मोठ्या अक्षरात. त्या पाटीनं पहिला माणूस आणला तो तालीम उघडली समजून. लंगोट पिशवीत घालूनच आला होता बिचारा. आणि तुम्ही त्याला "बसा, बसा, मॅडम येऊन राह्यल्या" म्हणून अर्धा तास बसवून ठेवलंत!

पण त्याच दिवशीची, तो यायच्या आधीची सकाळ. पहिल्या दिवशीची. मला पहाटेपासून उलट्या होत होत्या, हात बर्फ झाले होते. असल्या हातांनी पेशंटला शिवलं असतं तर तो ओरडलाच असता. तुम्ही स्वयंपाकघरात काहीतरी उकळत होतात. आई गेल्यापासून स्टोव्ह तुमच्याच ताब्यात असायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग तुम्ही माझ्यासमोर बाटली ठेवलीत. लाल. वर पट्टी, तिला दोनच खाचा. "एक डोस आत्ता घे. दुसरा, पहिला पेशंट आला की." मी हुंगून पाहिलं, बडीशेप, साखर आणि खायचा रंग. मी भडकले. मी शिकलेली मुलगी, आणि माझ्यावरच कंपाउंडरकी? वर बजावलं की असलं पाणी माझ्या एका जरी पेशंटला पाजलंत तर याद राखा. तुम्ही म्हणालात, "बिलकुल न्हाई." इतक्या शांतपणे म्हणालात की तेव्हाच संशय यायला हवा होता.

हळूहळू माणसं येऊ लागली. तुम्ही पायरीशी स्टुलावर बसून नंबर लावायचात, मी पडद्याच्या आत. टेबल, छताला टांगलेली कप्पी, मीच शिवलेल्या वाळूच्या पिशव्या, एवढंच सामान. पिंपळगाव रेणुकाईची एक बाई यायची. कोपराजवळ हाड मोडलेलं, गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधून ठेवलेल्या, त्या सोडल्या तेव्हा कोपर आखडून बसलेलं. उजव्या हातानं घास तोंडापर्यंत जात नव्हता. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच उभी राहून म्हणाली, "तिथूनच सांगा बाई, काय करायचं ते. मी करते." मी म्हटलं, हात बघितल्याशिवाय कसं सांगू? ती बाहेर गेली. मला वाटलं संपलं. पण थोड्या वेळानं आत आली आणि मुकाट्यानं हात टेबलावर ठेवला. मी तो हातात घेतला. माझ्या आवाजातल्या अधिकारानं हे झालं असं मी समजले, बाबा. त्या रात्री किती दिवसांनी मी पोटभर जेवले. घरात रोज बडीशेपेचा वास येत होता आणि मी तुम्हाला विचारत होते, पोट ठीक नाही का? तुम्ही म्हणत होतात, "वारा धरून राह्यला थोडा."

मग एक दिवस ती बाई आली आणि कोपर होतं त्याहून आखडलेलं. मी विचारलं, सांगितलेला व्यायाम केला का?

"दुखतंय लई. मंग सोडून दिलं."

"सोडून दिलं? मग बरं कसं होणार?"

"औषध घेऊन राह्यले ना मी. बराबर पट्टीपरमानं. आता संपलं, दुसरी बाटली द्या."

कसलं औषध, म्हणून मी ओरडले तशी ती दचकली. तिनं पडद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "बाबा म्हनले व्हते, मॅडमला दाखवायचं न्हाई. दाखवलं की गुण जातो."

दाखवलं की गुण जातो! हे तुम्ही कुठून काढलंत? पोथीतून? नदीला दिलेल्या देवांनी जाताना कानात सांगितलं? दुपारी पेशंट गेल्यावर मी तुम्हाला आत बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही तुमची बाजू मांडलीत, तीही काय, तर म्हणे, "मी सांगतच व्हतो, व्यायाम केल्यावरच डोस घ्यायचा. तिनं न्हाई केला तर माझा काय दोष?" मी म्हटलं, पाणी पाजता आणि वर दोष नाही? तिचं कोपर बघा, तुमच्या पाण्याच्या भरवशावर ती घरी बसली. त्यावर तुम्ही कात्री खिशात घातलीत. मग म्हणालात, "पाटीवर आडनाव लिवलं तू. बराबर केलं, माझी छाती न्हाई झाली कधी. पण लोक पाटी वाचतेत अन् पायरीवर थांबतेत. मी बघून राह्यलो ना रोज. बाटली हातात आली की मंग आत जातेत. माझ्या हाताला कोणी हात लावला न्हाई इतक्या वर्षांत, पण बाटलीला लावला."

मी विचारलं, "म्हणजे मी जन्मभर बाटलीच्या आडूनच हात लावायचा का?"

तुम्ही बाहेर जाऊन स्टुलावर बसलात. तुमच्या त्या निघून जाण्याची मला आजही चीड येते. एखादं वाक्य बोलला असतात तर माझ्यावर दुसऱ्या दिवशी तसं करायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, बाक भरलेलं होतं, माणसं पायरीपर्यंत बसली होती. मी पडदा बाजूला सारला आणि उभ्या उभ्या सांगितलं की बाहेर मिळणारं लाल औषध म्हणजे बडीशेपेचं पाणी आहे, त्यानं कुणाचा हात किंवा पाय बरा होणार नाही, आजपासून ते मिळणार नाही. या दवाखान्यात औषध नाही. मी हात लावणार, तुम्ही व्यायाम करणार, दुखणार, आणि मग फरक पडणार. ज्याला चालेल त्यानं बसावं. आवाज कुठून येत होता कुणास ठाऊक. पिंपळगावची बाई सगळ्यात आधी उठली. "मंग पाणी पाजून राह्यले व्हते व्हय आमाला? एसटीचा खर्चा करून पाणी प्यायला आल्ते मी?" ती गेली. तिच्यामागे बाकीचे. तुम्ही स्टुलावरच होतात, सगळे तुमच्याकडे बघत बघत गेले.

त्यानंतर बाक रिकामं. मी रोज दार उघडायची, टेबल पुसायची, कप्पीची दोरी ओढून बघायची. तुम्हीही रोज यायचात आणि कुणी नसताना स्टुलावर बसायचात. मी म्हटलं, घरी का थांबत नाही? म्हणालात, "नंबर कोण लावंल?" कुणाचे नंबर, बाबा! पण एक खरं आहे. ज्या गोष्टीला मी इतकी भ्याले होते ती घडून गेली होती. माणसं आली होती, कळल्यावर निघून गेली होती, आणि मी सकाळी उठून पुन्हा कुलूप काढत होते.

नंतरच्या बाजाराला ती बाई आली. पायरीवर थांबली नाही, तुमच्याकडे बघितलंही नाही. सरळ आत येऊन हात टेबलावर ठेवला. "घ्या. काय करायचं ते करा. सून भरवून राह्यली मला लेकरावानी, लाज वाटते." मी कोपर हातात घेतलं. तिनं हात मागे घेतला नाही. दुखलं तेव्हा मला शिव्या दिल्या, घाम पुसला आणि पुन्हा हात पुढे केला. जाताना तुमच्यासमोर उभी राहिली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते, आता काय होतंय म्हणून. ती म्हणाली, "बाबा, औषध नका देऊ, पर बाटल्या असतील तर द्या. तेल ठेवायला बऱ्या पडतेत." तुम्ही धुतलेली बाटली तिच्यासमोर धरलीत, पायरीवर ठेवली नाहीत. आणि तिनं ती तुमच्या हातातून घेतली. तुम्ही लगेच मान फिरवून रस्त्यावरच्या टांग्याकडे बघत बसलात, पण मी बघितलं होतं.

तिचं कोपर पूर्ण सरळ झालं नाही, पण घास तोंडापर्यंत गेला. मग तिच्या गावची माणसं येऊ लागली, मग मंठ्याचीही. तुम्हाला मात्र स्वस्थ बसवेना. एका सकाळी येऊन बघते तर भिंतीवर तुम्ही कागदाची लांबच लांब पट्टी चिकटवलेली, कमरेपासून पार वरपर्यंत, तिला बाटलीसारख्या खाचा. आखडलेल्या खांद्याच्या माणसानं भिंतीवर बोटं चालवत चालवत रोज एक खाच वर जायचं. असली शिडी नागपूरला लाकडाची होती, ती मी कधीतरी तुम्हाला बोलता बोलता सांगितली होती. मला न विचारता, खळ लावून, नव्या रंगाच्या भिंतीवर, आणि तीही वाकडी! मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. आता त्या जागी लाकडी पट्टी आहे. सुताराला मी ती वाकडीच बसवायला सांगितली, तो अजून मला हसतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तरी मी इतकं लिहू शकले. घडी करून वाळूच्या पिशव्यांच्या कपाटात ठेवून देईन. पण सत्काराच्या दिवशी माईकसमोर जे सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही, ते एवढं सांगते. पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही विचारलं होतंत, "डोस घेतला व्हता का?" आणि मी ठसक्यात सांगितलं होतं, मोरीत ओतला. ओतला नव्हता, बाबा. तुमची पाठ वळल्यावर पट्टीच्या खाचेपर्यंत बरोबर मोजून प्याले होते. बडीशेपेचं पाणी आहे हे पक्कं माहीत असताना प्याले, आणि हात गरम झाले. म्हणून तर पुढे तुमच्यावर इतकी चिडले. मग त्याच दिवशी तो लंगोटवाला आला, तुम्ही त्याला अर्धा तास बाहेर बसवलंत, तेव्हा मी पडद्याआड उभी राहून दुसराही घेतला.