उजव्या हाताचं चाक

प्रिय आईस, कोरेगावहून शैलाचं घाबरलेलं पत्र.

दुपारचे तीन वाजलेत. हे आत झोपलेत. पाच वाजता ऊन उतरलं की यांना घरामागच्या खळ्यावर न्यायचं आणि तू निवडलेला रिमोट त्यांच्या हातात द्यायचा, असं ठरलंय. गाडी माझ्यासमोर टेबलावर आहे, खोक्यावर चढवलेली, चाकं अधांतरी. सकाळपासून तिच्या वायरी मी किती वेळा ओढून बघितल्या असतील, मोजलं नाही. सुटत नाहीत. तरी परत ओढून बघते. भाऊजींना सांगितलं तर ते थट्टा करतील, आणि यांना तर सांगायची सोयच नाही. मग सांगू कुणाला? म्हणून तुला लिहायला बसले.

तू गेलीस त्याला सात महिने झाले. अशी अर्धी गाडी टाकून कुणी जातं का गं?

तुला सगळं ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय माझं मलाच उमगत नाही म्हणून लिहिते. हे म्हणजे सतरा वर्षं लष्करात ट्रक चालवलेला माणूस. परत आल्यावर कोयनानगरच्या घाटात प्रवासी जीप चालवायचा आणि वळणावर कधी हॉर्न द्यायला विसरायचा नाही. एका सकाळी झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराचसा सावरला, काठी घेऊन चालतात. जीभ जड आहे, पण बोलणं कळतं. हात मात्र मांडीवर पडून असतो. डॉक्टर म्हणतात हातात जीव आहे, वापरला तर येईल. हे वापरतच नाहीत. दाबायला म्हणून रबरी चेंडू दिला होता, तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. शेजारच्या म्हशीला लागला आणि त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली ती मी.

तेव्हा तू सांगलीहून आठ दिवसांसाठी आली होतीस. पहिले तीन दिवस नुसती बघत बसलीस. चौथ्या दिवशी म्हणालीस, "हणमंतराव, तुम्हाला एक गाडी बांधून देते. रिमोटची. मोठी, रबरी टायरची."

मला तर लाज वाटली. जावयाला खेळणं देते म्हणून. पण तुझा तो उद्योग मला नवा नव्हता. बाबांच्या मागे सांगलीच्या गावभागातलं रेडिओ-टीव्हीचं दुकान तू चालवलंस, आणि टीव्ही दुरुस्तीला येईनासे झाले तेव्हा रिमोटच्या गाड्या उघडायला लागलीस. साठी उलटल्यावर स्वतः बांधायला लागलीस. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीला आता पोरखेळ सुचलाय. तू तोंडात स्क्रू धरून हसायचीस.

यांनी मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मामी, बॉडी कंच्या रंगाची?"

आई, त्याआधी दोन महिने घरात 'व्हय' आणि 'नगं' याच्यापलीकडे शब्द निघाला नव्हता. मी ताट ठेवून मोरीत गेले आणि रडले. तुला सांगितलं नाही तेव्हा. आता सांगते.

तू परत गेलीस आणि रोज संध्याकाळी तुझा फोन. आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी. त्यांचा एकच प्रश्न, "गाडी कवा?" आणि मग एके दिवशी फोन आला तो तुझा नव्हता, शेजारच्या वहिनींचा होता.

दिवसकार्य उरकल्यावर तुझ्या टेबलावरचं खोकं मी उचलून आणलं. आत सांगाडा जोडून ठेवलेला, पुढची चाकं वळवणारा सर्व्हो बसवलेला, रिमोटचं ऐकणारा रिसीव्हर, रिमोट. मोटर नाही, तिला वीज कमीजास्त देणारा कंट्रोलर नाही, बॅटरी नाही. तेच घ्यायचं राहिलं होतं. कुठलं घ्यायचं ते तू मला फोनवर सांगत होतीस, आणि मी मोबाईल खांद्यात धरून मेथी निवडत 'हूं, हूं' करत होते. आता त्या फोनमधलं एक एक वाक्य आठवायला बसते तर हाताला मेथीच लागते. तू तरी मला एकदा दरडावून विचारायला नको होतंस का, की शैला, ऐकतेस ना?

मग झालं ते असं. मोटरच्या डब्यावर वेगाचा आकडा असतो. लहान आकड्याची घ्यावी की मोठ्या? मी भाऊजींना विचारलं. हे आजारी पडल्यापासून शेताचं सगळं तेच बघतात, ऊस, पाणी, मोटारी सगळं त्यांच्याकडेच. ते म्हणाले, "वैनी, मोटर घ्याची म्हंजी एक नंबर मोठीच घ्यावी. जितं पाच एचपीची लागती तितं आपण साडेसातची बसवतो. व्होल्टेज पडलं तरी पानी तर येतं."

मला पटलं. आमच्या विहिरीवर तसंच आहे, आख्ख्या गावात तसंच आहे. मी सगळ्यात मोठ्या आकड्याची मोटर मागवली आणि कंट्रोलर साधा घेतला, कारण तो नुसता डबीएवढा, त्याला काय एवढं काम, असं वाटलं. वायरी जोडल्या. यांना खुर्ची टाकून अंगणात बसवलं. म्हटलं, आधी मीच चालवून बघते, म्हणजे तुम्हाला त्रास नको.

गाडी सुसाट सुटली, जास्वंदीखालच्या गवतात शिरली, तिथं घुर्र करून अडली. मी रिमोटचा खटका दाबतच राहिले. मग कंट्रोलरमधून धूर आला. पांढरा, बारीक, आणि तो वास. तुझ्या दुकानात लहानपणी ज्या वासाला तू 'गेला बिचारा' म्हणायचीस तोच.

हे उठले. काठी घेतली. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. 'गाडी कवा' हा प्रश्न त्या दिवसापासून बंद. व्यायाम शिकवायला साताऱ्याहून येणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुन्हा एकदा असं झालं तर ते कशालाच हात लावणार नाहीत, मावशी. जपून करा." जपून करा म्हणजे काय करा? पुन्हा न करणं हेही जपणंच की.

महिनाभर खोकं माळ्यावर होतं. मग एका दुपारी भांडी लावताना तुझा आवाज कानात आला, अगदी फोनवरचा. "पंप वेगळा, गाडी वेगळी. मोटर लहान घ्यायची आणि कंट्रोलर तिच्यापेक्षा मोठा. मोटर अडली की जास्त ओढते, ते ओढणं कंट्रोलरला सोसलं पाहिजे." हे तू मला सांगितलं होतंस. मी 'हूं' म्हटलं होतं. आमटीचा डाव हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. मग पुण्याच्या दुकानात फोन करून हळू मोटर आणि दणकट कंट्रोलर मागवला. दुकानदार म्हणाला, मॅडम, ही फार पळणार नाही. म्हटलं, नकोच पळायला.

काल वायरिंग केलं. तुझंच सोल्डरिंग आयर्न, डाग धरायला तुझ्याच डबीतली राळ. एक सांधा तीनदा केला. बॅटरीचा प्लग कंट्रोलरच्या वायरींना लावायचा होता. लाल तिथं लाल, काळी तिथं काळी, यात चुकायचं काय? सगळं झालं. बॅटरी लावायला हात पुढे केला आणि थबकले. दुकानात तू कुठलाही दुरुस्त केलेला रेडिओ थेट विजेवर लावायची नाहीस. त्या फळीवरचा बल्ब मधे घालायचीस. म्हणायचीस, "बल्ब मंद राहिला तर सगळं ठीक. भगभगला तर आत कुणीतरी भांडतंय, लगेच ओढ."

भाऊजींच्या जुन्या स्कूटरचा इंडिकेटरचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी लावल्या, मधे घातला. बॅटरी जोडली.

भगभगला.

मी ओढून काढली आणि खाली बसले. अर्ध्या तासाने कळलं की प्लगचे दोन भाग समोरासमोर धरून मी सोल्डर केलं होतं, आणि समोरासमोर धरलं की डावं-उजवं उलटतं. प्लस मायनसवर गेलं होतं. बल्ब नसता तर दुसरा कंट्रोलरही गेला असता, आणि त्याच्याबरोबर बरंच काही. सगळं सोडवून परत केलं. या वेळी बल्ब क्षणभर चमकून विझला. मग बल्ब काढून थेट लावलं, रिमोट आधी चालू करून. गाडी चालू करण्याआधी रिमोट, आणि बंद करताना आधी गाडी, नाहीतर ती आपोआप सुटते, हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. वेगही रिमोटमधूनच अर्ध्यावर बांधून टाकलाय.

आता राहिला तो रिमोट. याच्यावरून मी तुझ्यावर खरंच रागावलेय. पिस्तुलासारखा रिमोट. डाव्या हातात धरायचा, डाव्याच बोटाने खटका दाबायचा, आणि बाजूचं छोटं चाक फिरवायचं उजव्या हाताने. उजव्या! तुला यांचा हात दिसत नव्हता का? एका हाताने चालवायचे रिमोट मिळतात, मी दुकानदाराला विचारलंय. तू चुकलीस, की मुद्दाम केलंस? मागवायला निघाले होते दुसरा. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. तुझी वस्तू परत करवेना, आणि तुझ्यावर विश्वासही ठेवता येईना. गाडी आज पळेलही, आई. पण चाक फिरलं नाही तर? सगळ्यांच्या देखत तो हात नुसता पडून राहिला तर? मग मी काय तोंड दाखवू यांना?

खोलीत काठीचा आवाज झाला. उठले वाटतं. थांबते.

...

सात वाजलेत. दिवा लावून परत बसलेय.

खळ्यावर भाऊजी आधीच येऊन बसले होते. मी गाडी मधोमध ठेवली. रिमोट यांच्या डाव्या हातात दिला, उजवा हात उचलून बोटं चाकावर ठेवली. भिंतीवर लिहिलेलं मनात म्हटलं. "दाबा हळू," म्हटलं. त्यांनी दाबलं. गाडी सरळ गेली, सरळच गेली, आणि कठड्याला जाऊन थडकली. मी उचलून आणली. परत सरळ, परत कठडा. यांचं कपाळ घामाने भिजलं. भाऊजी दुसरीकडे बघायला लागले. मला ते बघवेना. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या मागे उभी राहिले, माझा हात त्यांच्या उजव्या हातावर ठेवला आणि चाक फिरवलं. गाडी छान वळली. मी म्हटलं, "बघा, जमलं की."

ते म्हणाले, "सोड."

"अहो, मी नुसता आधार..."

"सोड म्हनतो ना. माजा हात हाय त्यो."

मी सोडला. आई, आजारपणाच्या अकरा महिन्यांत पहिल्यांदा. घास भरवताना, अंघोळ घालताना, चालवताना, सगळीकडे तो हात माझ्याच हातात होता. इतका, की तो त्यांचा आहे हे मी विसरलेच होते. बाजूला झाले तर माझ्याच हाताला काय करावं कळेना, पदर धरून उभी राहिले.

गाडी बराच वेळ हलली नाही. ते चाकाकडे बघत होते. मग गाडीची पुढची चाकं उजवीकडे हलली, जेमतेम बोटभर. थांबली. परत बोटभर. त्यांनी खटका दाबला आणि गाडी तिरकी निघाली, खळ्याचा कोपरा गाठला, पाण्याच्या बादलीवर आदळली आणि बादली लवंडली. भाऊजींची चप्पल भिजली. ते उठून गाडी उचलायला निघाले तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. मी काडतो." आणि मागे घेतली. अंधारेपर्यंत चालवत होते. एकदाही नीट वळली नाही, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

तू मुद्दाम केलंस. आता कळलं. पण मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर? की सांगितलं होतंस, आणि मी 'हूं' म्हटलं होतं?

भीती गेली असं नाही. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त सुधारायला हवं, ही नवी भीती आलीय. तुला एक वचन देते. उद्या सकाळी शर्टाच्या गुंड्या ते लावतील. अर्धा तास लागू दे, वरची खालच्या काजात जाऊ दे, मी दाराबाहेर उभी राहीन. त्यांनी हाक मारेपर्यंत आत जाणार नाही.

पदर अजून घट्ट धरून बसलेली,
तुझी शैला