तासाला वीस मिली

मानसरोवर, जयपूर
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
गिरिजाचा साष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा. फोन केला तर आपण तिसऱ्या वाक्याला भांडू, म्हणून लिहिते आहे. इकडची थंडी आता ओसरली. मी बरी आहे, वजन वाढलंय. आहारतज्ज्ञांचं वाढू नये असा काही नियम नाही. तुमच्या साखरेची खबर यतीनदादाकडून मिळते. तुम्ही सर्जन म्हणून रिटायर होऊनही बागेत भेटेल त्याचं पोट तपासता म्हणे.

आता खरी बातमी. बाबा, आम्ही जिंकलो!

कैवल्य नावाचा नाशिकचा मुलगा, जगतपुऱ्याला इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या महिन्यात एका शनिवारी कानोत्याचं धरण बघून येताना स्कूटर ट्रकखाली गेली. प्लीहा फाटली, मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार. त्याच संध्याकाळी आमच्या हॉस्पिटलात डॉक्टर परीक्षितनी पोट उघडून रक्तस्राव थांबवला आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. हात सोन्याचे आहेत त्यांचे, आणि स्वभाव अगदी तुमचा. मांडीचं ऑपरेशन रविवारी ठरलं होतं, ते पुढे गेलं.

सोमवारी सकाळी मी फेरीला गेले तर त्याच्या खाटेवर लाल पाटी तशीच: काही द्यायचं नाही. पोटाच्या ऑपरेशनला छत्तीस तास होऊन गेले होते. ही पाटी कशासाठी, असं सिस्टरला विचारलं. रविवारच्या ऑपरेशनसाठी लावली होती, ती म्हणाली. ते तर रद्द झालं ना? ती केसपेपर चाळू लागली. ती पाटी बघून माझे हात गार पडले. का, ते पुढे लिहीन.

दाराबाहेर त्याची आई, मनीषाताई, बाकावर बसलेली. शनिवारपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी मराठी बोलते हे कळल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या लेकराच्या पोटात काही जाईपर्यंत मी घास घेणार नाही."

डॉक्टरांना गाठलं. आतड्यांचे आवाज नाहीत, उद्या बघू, म्हणाले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. या वेळी मात्र मी हलले नाही.

"सर, आवाजाची वाट बघायची गरज नाही. रक्तदाब कालपासून स्थिर आहे. नाकातल्या नळीतून तासाला वीस मिली सुरू करू. पोट फुगलं किंवा उलटी झाली तर मी स्वतः बंद करीन."

तुमच्यासारखं लगेच 'नाही' म्हणाले नाहीत ते. मग खाटेजवळ गेले, पोट पुन्हा तपासलं आणि पाटी स्वतः काढली.

तासाभराने मनीषाताईला आत नेलं. पंपातून थेंब पडताना दाखवले. "हेच त्याचं जेवण?" असं तिनं दोनदा विचारलं. मग बाहेर बसून माझ्या डब्यातला वरणभात खाल्ला, रडत रडत, सगळा. मी उपाशी राहिले, आणि इतकं छान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

विसाचे चाळीस झाले, चाळिसाचे साठ. बुधवारी मांडीसाठी नेलं तेव्हा नळी बंद केली, आणि परत आणल्यावर आठवणीने चालू केली. नवव्या दिवशी श्वासाचं यंत्र निघालं. सोळाव्या दिवशी त्याने कचोरी मागितली. मी मऊ खिचडी दिली, तर तोंड वाकडं केलं. काल वॉकर धरून तो लिफ्टपर्यंत चालत गेला आणि अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता. श्रेय डॉक्टरांचं, सिस्टरांचं, त्या पोराच्या चिवटपणाचं. पण थोडं माझंही. ते मी सोडणार नाही.

आणि नियम झालाय: ऑपरेशन रद्द झालं की त्याच तासाला पाटीचं कारण विचारायचं. विचारण्याचा अधिकार माझा.

आता ते गार हात.

तुमच्याच हॉस्पिटलात आईचं ऑपरेशन तीनदा पुढे गेलं. नऊ दिवस नुसत्या सलाइनवर. तुम्ही उपाशी मारलंत तिला, असं मी तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाले आणि घर सोडलं. अकरा वर्षं तेच सांगत आले. जे कधीच कुणाला सांगितलं नाही ते हे: मी आहारशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. चौथ्या दिवशी पाटी बघून मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. मी विचारलं नाही. तुमच्यासमोर मला तोंड उघडवलं नाही. खायला मिळून आई वाचली असती, असं आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गप्प आपण दोघंही होतो, आणि दोष मी एकट्या तुमच्यावर टाकला. बाबा, मला माफ करा.

काल टाळ्या वाजत असताना पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. फोन काढला, तर तुमचा नंबर मीच ब्लॉक केलेला. तिथेच उभी राहून तो मोकळा केला.

पुढच्या महिन्यात इथल्या सर्जनांसमोर मला या विषयावर बोलायला सांगितलंय. तुम्ही या. पुढच्या रांगेत बसा आणि अवघडातला अवघड प्रश्न विचारा. या वेळी मी उत्तर देईन.

तुमची अपराधी, आणि आज फार फार खुशीत असलेली,
गिरिजा