चार चमचे शेवगा

काल्हेर, ता. ६ जानेवारी २०२५

ती. आक्कास, तुळशीरामचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तक्रार लेखी नोंदवण्याइतकी गंभीर आहे. तू वडप्याहून धाडलेल्या शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीने माझे दात हिरवे झालेत. काल गोदामाचा भाडेकरू आला, मी हसलो, तर तो दोन पावलं मागे सरला.

बाकी ठीक, म्हणजे वाईट. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तुला साखर, त्यामुळे तुझी किडनी चालणार नाही, असं डॉक्टर पुन्हा म्हणाले. रडून साखर उतरत नाही, तेव्हा ते बंद कर. त्यांनी मला पालेभाजीही बंद केलीय. नेत्रा विचारते, तुझी पावडर घेऊ द्यावी का नवऱ्याला?

माया पातळ होऊ देऊ नये, हे वि.

तुझा तुळशीराम

वडपे, ता. १० जानेवारी

चि. तुळश्यास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, भाजी बंद केलीय ना? ही काय भाजी हाय? भाजी चुलीवर शिजते. ही पावडर, औषधासारखी. दोन चादरी पाला सावलीत वाळवला, तेव्हा एवढीशी बरणी भरली. त्यात लोह हाय, कॅल्शियम हाय, नातीने मोबाइलात वाचून दाखवलं. मीपण रोज घेते. एक चमचा कसला घेतोस, चार घे. डॉक्टरला विचारू नको, ती लोकं चिडतात.

किडनी न्हाय देता आली, पाला तरी देऊ दे मला.

नेत्राला आशीर्वाद. जिवाला जप.

तुझी आक्का

काल्हेर, ता. २ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

तुला कळवू नका, असं नेत्रा म्हणाली होती. पण तू दुसरी बरणी भरतेयस असं कळलं, म्हणून लिहितो. ती धाडू नकोस. चार चमच्यांनी रक्तातलं पोटॅशियम चढलं. हातपाय लुळे पडले, ठोके चुकायला लागले. चार दिवस आयसीयूत काढले. डॉक्टर म्हणाले, पाला वाळून बरणीत मावतो तसं पोटॅशियमही मावतं, आणि ते गाळणारी किडनी माझ्याकडे नाही. धडधाकट माणसाने आमटीत चमचाभर टाकला तर बिघडत नाही. तुझं तसं नाही. साखरेच्या गोळीवर हा पाला रोज घेतलास तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तुझ्या डॉक्टरला विचार. चिडू दे.

किडनीच्या यादीतून माझं नाव काढलं. हृदयाला आता ऑपरेशन झेपणार नाही म्हणे. ते आधीच थकलं होतं, यात पाल्याचा दोष नाही. डॉक्टरांना तसं विचारलं नाही मी, ती लोकं चिडतात.

हे कुठल्या शहाण्याने दिलं, म्हणून ते ओरडले. नेत्रा तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, मीच बाजारातून आणलं. बाबांच्या नव्या जाळ्याची दोरी मी पतंगासाठी कापली होती आणि मार तू खाल्लास, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. डॉक्टर बराच वेळ बोलत होते. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तेवढं फिटलं.

तुझा तुळशीराम