कळंबच्या पायवाटेची तुटक रेघ

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
ग्रामनकाशा संगणकीकरण कक्ष, इंदापूर.

विषय : मौजे कळंब येथील कब्रस्तानाकडे जाणारी पायवाट सर्व संगणकांवर एकसारखी दिसण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षातील दोन टेबले व एक प्रिंटर.

महोदय,

१. अर्जदार मेहजबीन हैदर मुलाणी, राहणार कळंब. अर्जदाराचे वडील निवृत्त अनुरेखक, म्हणजे नकाशे शाईने गिरवणारे. कळंबचा नकाशा १९८९ साली त्यांनीच गिरवला. कब्रस्तानाची पायवाट त्यात तुटक रेघेने दाखवली आहे. गेल्या महिन्यात त्यांना त्याच वाटेने नेले.

२. आता नकाशा संगणकावर आला आहे. श्री. अजित यांच्या टेबलावर वाट तुटक दिसते. तीच फाईल श्री. सौरभ यांच्या टेबलावर दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली की रेघ सलग होते, आणि सलग रेघ म्हणजे कुंपण. प्रिंट काढली तर रेघच नाही. दोघांनीही चहा पाजला व आपलाच संगणक बरोबर असल्याचे सांगितले. अर्जदाराला दोघांचेही पटले, ही खरी अडचण.

३. वाटेलगतचे बागायतदार जोतीराम तात्या यांनी श्री. सौरभ यांच्या पडद्यावरची सलग रेघ पाहून तारेचे खांब आणून टाकले आहेत. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे : "वाट हाय हे मला ठावं न्हाय व्हय? हैदरभाईला खांदा दिला त्यो ह्याच वाटंनं. पण सरकारच म्हणतंय हितं कुंपण हाय, मग मी बिनकुंपणाचा कसा ऱ्हाऊ?" तुटक कुंपण घाला, असे अर्जदाराने सुचवले. तात्या पोटभर हसले. खांब तिथेच आहेत. सोमवारी तार ओढणार.

४. वडिलांची रीत अशी, की पेन बदलले की आधी समासात नमुना रेघ ओढायची आणि शेजारी माप लिहायचे : 'पायवाट. दोन मिलिमीटर रेघ, एक मोकळे, जाडी पाव.' स्कॅन करताना तो समास शाईचे डाग समजून कापला गेला. मग अजित यांनी अंदाजाने माप घातले. ते त्यांच्या प्रोग्रामने कागदावरचे धरले, सौरभ यांच्या प्रोग्रामने जमिनीवरचे. जमिनीवरचे मिलिमीटर नकाशात उतरताना नाहीसेच होतात, त्यामुळे मोकळ्या जागा दिसेनाशा झाल्या. जाडी कुणीच घातली नाही, म्हणून प्रिंटरने ती शून्य मानली.

५. सबब विनंती, की सोबतच्या समासातील माप दोन्ही प्रोग्राममध्ये कागदावरचे म्हणून घालावे, प्रत्येकातून एक प्रिंट काढावी व दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरून पाहाव्यात. वडील अशीच तपासणी करत. तुटक रेघ म्हणजे सलग ओढायचा कंटाळा, अशी आम्ही घरात त्यांची चेष्टा करायचो. ते म्हणायचे, "मोकळी जागाबी मीच काढलीया. तितनं माणसं जात्यात."

सोमवारपूर्वी निर्णय व्हावा, एवढीच अपेक्षा.

आपली नम्र,
मेहजबीन हैदर मुलाणी
कळंब, दि. १३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
(१) जोतीराम तात्यांचे लेखी : 'रेघ तुटली की खांब उचलतो.'
(२) वडिलांनी घरी ठेवलेली मूळ नकाशाची प्रत, समासासह. पाहून परत मिळावी. दुसरी नाही.